सह्या गोळा करणाऱ्या बाईंची कमाई

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर दुबईतल्या करामा भागात मुलीकडे राहायला आलो आणि पुण्यातली ती केस पुन्हा डोक्यात घोळू लागली.

एका सोसायटीच्या पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर आपली खोटी सही झाली, असा तक्रार अर्ज आमच्या पोलीस ठाण्यात आला होता. अर्जदार दुबईतला, जबल अलीच्या एका गोदामाचा मॅनेजर. दुबईत राहणाऱ्या सभासदांच्या सह्या घरोघरी जाऊन आणायला बिल्डरने करामात राहणाऱ्या एक मराठी बाई नेमल्या होत्या. ही बाई आपल्याकडे कधी आलीच नाही, असं अर्जदाराचं म्हणणं. बाई सुट्टीला पुण्यात आल्या होत्या, म्हणून बोलावून घेतलं. गुन्हा दाखल झाला असता तर त्या पुण्यातच अडकल्या असत्या, आणि मुलं दुबईत शाळेत.

"पैसे किती मिळाले?" मी विचारलं.

"काहीच नाही साहेब. ओळखीत हेल्प केली."

बिल्डरकडे मात्र त्यांच्या नावावर टीडीएस कापल्याची नोंद होती. पैशांबाबत खोटं बोलणारी बाई खोटी सहीही करू शकते, असं आमच्या फौजदाराचं ठाम मत. मला मात्र कुतूहल वाटलं. माणूस चोरी लपवतो, कष्ट कशाला लपवेल?

टीडीएसचा कागद पुढे सरकवला, तेव्हा बाई बोलल्या. "दुबईत कुठे टॅक्स असतो? म्हणून रिटर्न कधी भरलंच नाही. त्यात मी मिस्टरांच्या व्हिसावर. परमिटशिवाय काम करते हे तिकडे कळलं तर खलास."

"पैसे पुण्याच्या खात्यात आले, म्हणजे इथे दाखवायलाच हवेत. पण कमाई दाखवली की खर्चही दाखवता येतो. काय काय खर्च व्हायचा?"

"पेट्रोल, टोल. पार्किंगचे दिरहम मेसेज करून भरते." बोलता बोलता त्यांनी फोन उघडला. संमतीपत्राच्याच तारखेला अर्जदाराच्या गल्लीत गाडी लावल्याचा मेसेज त्यात होता. काम केल्याचं कळेल या भीतीने हा पुरावा त्यांनी आमच्यापासूनच दडवला होता.

अर्जदाराला व्हिडिओ कॉल लावला आणि सहज विचारलं, "बाई आल्या तेव्हा चहा कोणी केला होता?"

"बायकोने," तो बोलून गेला. मग म्हणाला, "सही माझीच आहे सर. भाऊ भडकला. थांबला असतास तर जास्त जागा मिळाली असती म्हणाला. म्हणून सही नाकारली."

अर्ज निकाली निघाला. तेव्हापासून कोणी खोटं बोललं की मी आधी विचारायचो, याला भीती नक्की कशाची आहे?

जाताना बाईंना म्हटलं, "तिकडचं परमिट काढा, इथे रिटर्न भरा."

"भरते. पण साहेब, व्यवसाय काय लिहू? आजवर सगळीकडे हाऊसवाइफच लिहीत आले."

"जे काम करता ते लिहा."

चौकशीत एकदाही न रडलेल्या बाईंच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं.