चाकाच्या पोटातली टकटक

"बिचारीला आत्ताच सांगू नका, पण ती सायकल भंगारात देऊन टाका. योगेशच्या गाडीमागं बसायची सवय लागेल तिला!"

सासूबाई हे स्वयंपाकघरात सासऱ्यांना सांगत होत्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मधल्या खिडकीला काच नाही, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. नवी सून फारशी बोलत नसली, की तिच्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलतात आणि तिच्याकडे किस्से साचत जातात. लग्नाला चार महिने झाले. एका सायकलीचेच एवढे झालेत की पोट दुखायला लागलंय!

सायकल माझी, कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेली. तिचे तीन गियर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या नळकांड्यात, आत बंद असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरला आतले खटके टकटक वाजतात. वाजायलाच हवेत. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हळू आवाजात सांगितलं, ही माझी चूक. घरात सगळ्यांना तो बिघाडच वाटला.

आणि योगेश, म्हणजे माझा नवरा, घरातून निघतो अकराला. माझं ऑफिस नऊचं. सायकल गेली की नोकरीही गेली, एवढा साधा हिशेब कुणी केलाच नाही.

* * *

सासरे, म्हणजे नाना, धुळ्याहून सुरतेला आले आणि तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, फिटर होते. त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, पण मशीनचा आवाज बरोबर ऐकू येतो, असा घरात समज आहे. त्यांनी सायकल उलटी केली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हबला लावलं, मूठ कानाला लावली. योगेशनं पेडल फिरवलं. टीव्ही बंद. पंखा बंद. सुरतेतल्या आमच्या भेस्तान भागातल्या उकाड्यात आम्ही सगळे घामानं निथळत उभे.

"मधला दात तुटना शे!" नानांनी अहिराणीत निकाल दिला.

"नाना, तो आवाज असतोच," मी म्हटलं.

नाना योगेशला म्हणाले, "काय म्हणस ती?"

* * *

मग योगेशनं ट्रायल घेतली. सोसायटीला दोन चकरा मारून आला आणि छाती काढून म्हणाला, "मला तर काही आवाज आला नाही. तुम्ही उगाच टेन्शन घेता."

त्याच्या दोन्ही कानांत इअरफोन होते!

* * *

सासूबाईंचं निदान वेगळं. आवाज सायकलीचा नाहीच, माझ्या बांगड्यांचा! हँडलवर आपटतात म्हणे. मी म्हटलं, काढून बघू. तर म्हणाल्या, "नवी नवरी भुंड्या हातानं रस्त्यावर जाईल? लोक काय म्हणतील!" शेवटी दोन्ही हातांच्या बांगड्यांवर रुमाल बांधले. भाजलेल्या पेशंटसारखी मी सायकलवर बसले आणि गल्लीत फेरी मारली. टकटक चालूच.

सासूबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तर मग पैंजण!"

* * *

पर्वत पाटिया भागातल्या सायकल-दुकानदारानं चाकाकडे पाहिलं, मग योगेशकडे.

"भाई, इसमें गियर है ही नहीं."

"अंदर है," मी म्हटलं.

तो योगेशला म्हणाला, "भाभी बोल रही है, अंदर है."

सायकल माझी, उत्तर माझं, माझ्या तोंडून निघालेलं, आणि माझ्याच नवऱ्याला त्याचा निरोप! वर सल्ला दिला, "ये पहिया निकाल के सादा डाल दो. लेडीज को गियर का क्या काम?"

तेव्हाही मी गप्प बसले. त्या दुकानदाराचा राग मला अजून येतो, त्याच्यापेक्षा माझाच जास्त.

* * *

त्यानंतरच्या रविवारी मी मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तर घरात पेढे. लूमला लावतात ते घट्ट ग्रीस नानांनी हब उघडून आत ठासून भरलं होतं. चाक फिरवून दाखवलं. टकटक नाही, टिकटिक नाही. "आवाज गया!" नाना म्हणाले. सासूबाईंनी माझ्या तोंडात पेढा घातला, त्यामुळे तेव्हाही मला बोलता आलं नाही.

सोमवारी सकाळी ब्रिज चढताना मी पहिला गियर टाकला. पेडल गर्रकन फिरलं, नुसतंच. चाकाला पत्ताच नाही! सायकल मागे सरकायला लागली. मागे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो, त्याचा ब्रेक करकचला, ड्रायव्हरनं माझ्या सात पिढ्या काढल्या. मी उडी मारली, गुडघा फुटला. भर उन्हात सायकल ढकलत घरी आले. ऑफिसला खाडा झाला तो वेगळाच.

तिघंही चहा पीत होते. रक्त बघून सासूबाई उठल्या, "तरी मी म्हणत होते, द्या भंगारात!" योगेश हळदीचा डबा शोधायला धावला. नानांनी मात्र आधी सायकलीकडे पाहिलं.

"आवाज उना का परत?"

मी सायकल त्यांच्यासमोर उलटी केली. आतले खटके त्या घट्ट ग्रीसमध्ये चिकटून बसले होते, म्हणून आवाजही नव्हता आणि पकडही. ग्रीसचे हात साडीला पुसले, नवीनच होती. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नाना, तुमच्या कारखान्यातले सगळे लूम एकदम गप्प झाले, तर त्याला तुम्ही रिपेरिंग म्हणता का? तो पाना द्या इकडे!"