मुलाणी मामांचं सुट्टीचं अंडं

आधीच सांगून टाकते, मी रस्त्यात पडलेल्या लिंबू-मिरचीवर बिनधास्त पाय देऊन जाणारी बाई आहे. अमावस्येला केस धुते. मांजर आडवं गेलं तर मांजराची विचारपूस करते. या ग्रुपवरचे सगळ्यांचे गूढ अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून... चहाबरोबर. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं माझ्या नवऱ्याला फार हसू येतंय. येऊ दे.

मी लॅब टेक्निशियन आहे. माहेर मांडवगण फराटा, सासर आणि नोकरी शिरूर. आमच्या लॅबमध्ये कोंबड्यांच्या आजारांवरच्या लसींचं संशोधन चालतं. (नाव विचारू नका, मला अजून नोकरी करायची आहे.) लसीसाठी जो विषाणू लागतो तो वाढवायला जिवंत अंडी लागतात, म्हणजे आत पिल्लू धरलेली. ती आमच्याकडे भांडगावच्या बाजूच्या एका फार्मवरून येतात. आली की इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. पिल्लू दहाएक दिवसांचं झालं की अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरून बघायचं. याला कँडलिंग म्हणतात. आत लाल शिरांचं जाळं दिसतं, मधे एक काळा ठिपका वळवळत असतो आणि अंड्याच्या रुंद टोकाला हवेची रिकामी जागा दिसते. त्या जागेच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची आणि शीर चुकवून जिथे सुई घालायची तिथे फुली करायची. मग ट्रे पुढच्या खोलीत जातो.

हे काम मला मुलाणी मामांनी शिकवलं. मामा शिरूरचेच. लॅब सुरू झाली तेव्हापासून अंड्यांच्या खोलीत. मी मांडवगणच्या पाटलांची म्हणून मला 'पाटलीणबाई' म्हणायचे, आणि माझ्या हातून अंडं फुटलं की "पाटलांचं काय, फोडा अजून दोन" असं म्हणून फडकं पुढे करायचे. अंड्यांशी बोलायची त्यांना सवय होती. "हां, दिसला बाई तुझा डोळा... आता गप पड." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस थोडा सटकलेला आहे. सहा महिन्यांनी मीपण बोलायला लागले होते.

प्रत्येक लॉटमध्ये थोडी अंडी जास्तीची असतात. ती टोचली जात नाहीत, शेवटी नष्ट करतात. मामांनी फार पूर्वी आमच्या सरांकडे एक मागणं मागितलं होतं. "साहेब, एवढ्या जिवांना आपण सुई लावतो. लॉटमागं एकाला तरी सुट्टी देऊ." सरांनी म्हणे दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. अट एवढीच की ते अंडं आमच्या स्वच्छ खोलीतूनच बाहेर जायचं, विषाणूच्या खोलीचं तोंडही बघायचं नाही, आणि फक्त एकच. तेव्हापासून त्या एका अंड्यावर मामा फुलीच्या जागी छोटा गोल काढायचे. फुली म्हणजे सुई, गोल म्हणजे सुट्टी. संध्याकाळी ते अंडं कापसात गुंडाळून चपातीच्या रिकाम्या डब्यातून घरी जायचं आणि शकीला मामी ते खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या. खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली. मामींच्या दारातल्या निम्म्या कोंबड्या अशा आमच्या लॅबमधून सुट्टीवर आलेल्या होत्या.

गेल्या थंडीत मामा गेले. सकाळी डबा घेऊन निघाले होते. मामी म्हणाल्या, "तांबडी खुडूक बसलीय." मामा म्हणाले, "आज कँडलिंग हाय. एक घिऊन येतो." आणि गाडीला किक मारायच्या आधीच दारात खाली बसले... ते पुन्हा उठले नाहीत. त्या दिवशीचं कँडलिंग मी एकटीने केलं. दिव्यातलं मला नीट दिसत नव्हतं, डोळे सारखे भरून येत होते. त्या लॉटमध्ये गोल काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, माझ्याही नाही.

मग काही दिवसांनी मामींच्या मुलीचा, रुक्सानाचा फोन आला. ती दौंडला असते, नवरा रेल्वेत आहे. इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरात राहायचा काळ, संपेपर्यंत आई घराबाहेर पडणार नाही म्हणून तीच शिरूरला येऊन राहिली होती.

"ताई, आई जेवत न्हाई," ती म्हणाली. "भाकरी मोडती आन् तशीच बसती. चार घास जबरदस्तीनं जात्यात. आन् ती तांबडी कोंबडी रिकाम्या खुराड्यात बसलीय अजून. शेजारणी म्हनत्यात पाण्यात बुचकळून काढ, उठंल. आई हात लावू देत न्हाई. म्हनती, अंडं येणार हाय, ते आणतो म्हनल्यात."

"शेजारचं एखादं ठेवून बघ ना," मी म्हणाले.

"ठेवलं की. तिनं उचललं, फिरवून बघितलं, आन् माझ्या हातात परत दिलं. म्हनती, ह्याच्यावर गोल कुठंय?"

मग रुक्सानाने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही काढाल का? अब्बांसारखा गोल? मला पाप वाटतंय सांगायला. पण ती अशी वाळत चाललीय... मला बघवत न्हाई."

मला खोटेपणाचा राग आहे. पण मामींचा वाळलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी हो म्हणाले. सरांनाही सांगितलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "न्या."

आता सोपं वाटत होतं ते काम भलतंच अवघड निघालं. मामांचा अंगठा फार वर्षांपूर्वी मोटारीच्या पट्ट्यात सापडला होता, तो पुरता वळायचा नाही. त्यामुळे अंडं फिरवताना त्यांच्या रेघेत एका ठिकाणी बारीकशी पायरी पडायची. बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण मामींना कळणारच. मी घरी डझनभर अंड्यांवर प्रॅक्टिस केली. पायरी काढायला गेलं की मुद्दाम काढलेली दिसायची. नवरा आठवडाभर पेन्सिलच्या रेघांची अंडी सोलून खात होता आणि प्रत्येक अंड्याला मार्क देत होता. सगळ्यात जास्त मिळाले दहापैकी चार.

नवा लॉट भांडगावहून आला. अंडी मी आणि तेजश्रीने मिळून ट्रेमध्ये लावली. तेजश्री मामांच्या जागेवर आलेली नवी मुलगी. तिने मामांना पाहिलेलं नाही, गोलाची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. प्रत्येक अंडं आम्ही हातात घेऊन, फिरवून, रुंद टोक वर करून ठेवलं. सगळी कोरी होती. मग कँडलिंगचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, बाहेर लख्ख ऊन. तेजश्री इन्क्युबेटरमधून ट्रे काढून देत होती, मी दिव्यापाशी. मनात एकच, की एखादं चांगलं पिल्लू दिसलं की पटकन गोल काढून टाकायचा.

पहिला ट्रे झाला, दुसरा झाला. तिसऱ्या ट्रेमधलं एक अंडं उचललं आणि माझा हात थांबला. त्यावर आधीच रेघ होती. शेवटी गोल होता. आणि रेघेत एका ठिकाणी बारीक पायरी.

मी ते दिव्यावर धरलं. पिल्लू टुणटुणीत होतं. पण मला जे दिसलं ते सांगायला थोडं समजावून सांगावं लागेल. अंड्यातली हवेची जागा रोज थोडी थोडी मोठी होत जाते. पहिल्या दिवशी रेघ मारली तर दहाव्या दिवशी ती कडेपासून बरीच वर राहते. ही रेघ बरोबर आजच्या कडेवर होती. म्हणजे कुणीतरी ते अंडं त्याच दिवशी उजेडावर धरून रेघ मारली होती. आणि दिवा तर मीच नुकता लावला होता.

"तेजश्री, याला तू हात लावलास?"

"नाही मॅडम. तुम्हीच काढलं असेल ना?" ती बिचारी घाबरली.

मला भीती वाटली नाही, याचंच मला अजून नवल वाटतं. त्या अंधाऱ्या खोलीत मी मोठ्याने म्हणाले, "मामा, मला दहापैकी चार मिळालेत हो." तेजश्री दार उघडून बाहेर गेली, तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तरी माझा स्वभाव जातोय कुठे. कुणी चेष्टा केली असली तर? मामींच्या हातातच पारख होईल म्हणून मी माझंही एक अंडं तयार केलं, रेघ, पायरी, गोल सगळं. दोन्ही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी मामांचं अंडं बराच वेळ धरलं. एकाच्या वर न्यायचं नाही हा नियम त्यांचाच. तरी दोन्ही माझ्या डब्यात ठेवायला त्यांनीच कापूस दिला.

संध्याकाळी मामींकडे गेले. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. इतक्या बारीक झाल्या होत्या की बांगड्या उतरवलेल्या मनगटाची नुसती हाडं दिसत होती. मी डबा उघडून पुढे ठेवला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

मामींनी एक अंडं उचललं. उजेडावर धरलं नाही, नुसता अंगठा रेघेवरून फिरवला.

"हे तू काढलंस," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"चांगलं हाय. हात लई सरळ हाय तुझा."

मग दुसरं उचललं. अंगठा फिरवला, पायरीवर थांबला. मामींनी ते अंडं तळहातात धरून मूठ मिटली आणि दाराकडे बघितलं, जिथे मामांची गाडी अजून उभी होती.

"लई उशीर केलात तुम्ही," त्या म्हणाल्या. मला नाही. "कोंबडी कवाची बसलीय."

रुक्साना तोंडाला पदर लावून आत गेली. मला सांगावंसं वाटत होतं, मामी, हे कसं आलं ते मला माहीत नाही. तोंड उघडलं तर मामींनीच हात वर केला. "नगं सांगू. तुला सुदिक ठावं न्हाई."

त्या स्वतः उठल्या. खुराड्यात हात घालून तांबडीला थोडं सरकवलं आणि मामांचं अंडं तिच्याखाली ठेवलं. मग माझ्याकडे हात केला, "तुझंबी आण. एकल्याला करमायचं न्हाई त्याला." दोन्ही ठेवून हात धुतले आणि आत बघून म्हणाल्या, "रुक्साना, काय केलंयस जेवायला? हिलाबी वाढ." त्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. मला दोन खायला लावल्या. मामांच्या घरून मी कधी उपाशी आलेच नाही, त्याही दिवशी नाही.

दोन्ही पिल्लं निघाली. इद्दत संपल्यावर मामी तांबडीला आणि दोघांना टोपलीत घालून दौंडला गेल्या. त्यातला एक कोंबडा निघाला. नाईट ड्युटी करून आलेला जावई झोपायला लागला की तो आरवतो. जावई मला फोन करून तक्रार करतो आणि वर त्यालाच दाणे टाकतो, असं रुक्साना सांगते.

मी माझ्या परीने शोध घेतला. खोलीबाहेरचा कॅमेरा तपासला, त्यात येता-जाता मी आणि तेजश्री दोघीच. भांडगावच्या फार्मवर विचारलं, तिथे पेन्सिलसुद्धा सापडली नाही. नवऱ्याचं म्हणणं, मीच तंद्रीत काढलं आणि विसरले. असेल... पण ती पायरी मला आजही जमत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. यावेळी चहा बाजूला ठेवून.

सरांनी नियम चालू ठेवला आहे. प्रत्येक लॉटला एका अंड्याला सुट्टी मिळते, गोल मी काढते, माझ्या सरळ हाताने. पण दिवा लावला की आधी सगळे ट्रे एकदा नजरेखालून घालते. तसं अंडं पुन्हा आलं नाही.

परवा मामींचा दौंडहून फोन होता. मागे कोंबडा आरवत होता. बोलता बोलता मी सांगून टाकलं, की मामी, मी दर वेळी बघते हो, पण मामांचं काही पुन्हा आलं नाही.

"न्हाई यायचं," मामी म्हणाल्या. "त्यांनी एकच आणतो म्हनलं हुतं."