तीन थेंब आणि विस्तव

"पयले खोलून पाहू," असं म्हणत मामा पान्हा हातात घ्यायचे. मोटर असो, पंखा असो, नाहीतर ऑफिसातलं अडकलेलं कुलूप. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बंद पडलेली वस्तू त्यांना बघवत नाही.

नागपूरकडल्या शहापूरजवळच्या राईस मिलच्या ऑफिसात मी काम करते. आमच्या घरातली पहिली बी.कॉम. मी, आणि ते मी सांगतेच. मामा म्हणजे सगळ्या मिलचेच मामा, आठवी शिकलेले हमाल. काळा दाणा वेगळा काढणारं चिनी मशीन आलं, तेव्हा पडद्यावरची अक्षरं मला सगळी सारखीच दिसायची. मामांनी तीही खोलायला घेतली. मशीन बसवणाऱ्याकडून त्यांनी दोन तुकडे शिकून घेतले. डावीकडचे तीन थेंब म्हणजे पाणी, आणि चार रेघांचा तो विस्तव.

"ताई, अक्षरालेबी पार्ट रायतेत," ते मला म्हणाले.

मालकानं त्यांना पंधरा दिवस मशीनवर बसवलं. जमलं तर ऑपरेटर, नाहीतर नागपूरहून माणूस येणार आणि मामांच्या पाठीवर परत पोती. पन्नाशीतच त्यांची कंबर वाकली होती.

दहाव्या दिवशी पडद्यावर लाल चौकटीत दोन अक्षरं आली. पहिल्यात तीन थेंब, दुसऱ्यात विस्तव. मामांनी मेन स्विच पाडला, सगळ्यांना बाहेर काढलं, पाण्याच्या बादल्या दाराशी मांडल्या. आग कुठंच नव्हती.

"मामा, बिडी पेटवू, का मशीनले इचारू?" एका हमालानं विचारलं. मालक म्हणाला, उद्या नागपूरला फोन लावतो.

मामा ती दोन अक्षरं कागदावर उतरवून सरळ माझ्या टेबलाशी आले. चुकलं काहून, ते त्यांना पाहायचं होतं. मी मोबाईलवर दुसरं अक्षर शोधलं. विस्तव बरोबर होता, पण त्याच्या वर हात होता. हातात धरता येईल असा विझलेला विस्तव म्हणजे राख, आणि तेच अक्षर धुळीलाही चालतं. पहिलं अक्षर होतं, स्वच्छ करणं. मशीन नुसतं धूळ पुसा म्हणत होतं.

आतल्या काचेवर कोंड्याचा थर बसला होता. मामांनी फडक्यानं तो पुसला आणि मशीन सुरू केलं. मालकानं पडणारा तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला. फोनचं नाव पुन्हा काढलं नाही.

सहा वर्षं मामा ऑपरेटर राहिले. यंदा ते तलावाकाठच्या आपल्या शेतावर राहायला गेले. निघाले त्या दिवशी हमालांनी त्यांनाच पाठीवर घेतलं आणि फाटकापर्यंत नेलं. मामा वरून सांगत होते, "अबे उतरवा, कंबर मोडन तुमची."