बसकाकांच्या घरी

माझा मामा शाळेची बस चालवतो, आणि बसमधल्या बावीस मुलांपैकी एकाचंही नाव तो कधी घेत नाही. तो मुलांना दारांवरून ओळखतो. निळं गेट. औषधाचं दुकान, थोरलं आणि धाकटं. कुत्रेवाला. डॉक्टरीणबाईंची, जिच्या दारात हॉर्न वाजवायचा नाही, नुसतं इंजिन घुरघुरत ठेवायचं, कारण बाईंचं डोकं दुखतं. जेवताना तो म्हणणार, "आज कुत्रेवाल्याला उलटी झाली," आणि मामी म्हणणार, "अहो, जेवताना तरी त्याला बसमध्येच राहू द्या."

मुलं त्याला बसकाका म्हणतात. त्याचं नाव त्यांनाही माहीत नाही. फिट्टंफाट.

मामाची नक्कल करायला अगदी सोपी. हनुवटी वर, डोळे आरशात, आणि सुरुवात करायची: "चला, चला, चला. दप्तर मांडीवर. डोकं आत. उद्या तयार राहायचं हं, थांबायला लावायचं नाही." हे शेवटचं वाक्य तो उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला म्हणतो, अकरा वर्षं झाली. एकदा मामी माहेरी निघाली तेव्हा दारात तिलाही म्हणाला. मामी उलट फिरून म्हणाली, "कशाला तयार राहू? घ्यायला येणार आहात?"

मामाची मुलगी त्याच शाळेत दुसरीत आहे. तिला आम्ही बटण म्हणतो, कारण ती एवढीशी आहे आणि एकदा निसटली की पलंगाखाली हात घालून शोधावी लागते. बसमध्ये तिची जागा ठरलेली: ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाक, खिडकीशी. शेजारची जागा रिकामी. मागच्या बाकांवर तिघंतिघं कोंबून बसतात, मांडीवर बसतात, पण ती जागा रिकामी. भांडण नाही, चिडवाचिडवी नाही. बसकाकांची मुलगी म्हणजे बसचाच एक भाग, स्टेपनी असते तशी. स्टेपनीच्या शेजारी जाऊन कोण बसतं?

मामाला हे दिसत होतं की नाही, देव जाणे. पण एके दिवशी आरशात त्याने एक गोष्ट पाहिली. औषधाच्या दुकानातल्या थोरल्याचा वाढदिवस होता. तो बसमध्ये आमंत्रणाच्या चिठ्ठ्या वाटत पुढे आला. एक बाक, दुसरं बाक, तिसरं बाक, आणि पहिल्या बाकाशी येऊन तसाच मागे वळला. बटणने हात पुढे केला होता. मग तोच हात तिने केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच वर केला होता.

त्या दिवशी मामाने जेवताना कुठल्याही दाराचं नाव घेतलं नाही. हात धुऊन आला आणि म्हणाला, "बटणचा वाढदिवस करायचा. सगळ्यांना बोलवायचं. बावीसच्या बावीस."

मामी म्हणाली, "दोन खोल्यांत बावीस? माणसं बसवायचीत की रचायचीत?"

"बसमध्ये मावतात की."

"बसला चाकं आहेत. आपल्या घराला काय आहे?"

पण मामी तोंडाने फटकळ आणि हाताने तयार. दुसऱ्याच दिवशी तिने जुन्या पडद्याचा बटणसाठी झगा बेतायला घेतला. आणि मामा कागद घेऊन यादी करायला बसला. यादी कसली, रूट होता तो. "सहा चाळीस, निळं गेट. सहा त्रेचाळीस, औषधाचं दुकान, दोघं."

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात वळणदार अक्षर माझं. मामाने सांगितलं, मी लिहिलं: शनिवारी दुपारी चार वाजता, बटणचा वाढदिवस, बसकाकांच्या घरी.

मी म्हणाले, "मामा, पत्ता?"

मामा हसला. "पत्ता कशाला? मी काय नवीन माणूस आहे? अकरा वर्षं रोज सकाळी त्यांच्या दारात उभा असतो."

मला ते पटलं. खरंच पटलं. मामाला बाविसांची दारं माहीत होती. कुठल्या दाराची कडी कुरकुरते, कुणाचे आजोबा पायजम्यावर बाहेर येतात, कुठे दूधवाल्याची सायकल आडवी लावलेली असते. एवढं ज्याला माहीत, त्याचं दार लोकांना माहीत नसेल हे त्याच्या डोक्यात येणार कसं? माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी कोपऱ्यात फुगा काढला.

चिठ्ठ्या बटणने स्वतः वाटल्या, शेवटच्या बाकापासून पुढे. निळ्या गेटवाल्या मुलीने तिला विचारलं, केकवर साखरेचं फूल असेल का. बटण म्हणाली, असेल. "ते मला दिलंस, तर सोमवारपासून मी तुझ्याशेजारी बसेन." बटण घरी आली ती जिन्यातूनच ओरडत, "आई, केकवर फूल पाहिजे. एकच पाहिजे. पण पाहिजेच."

त्यानंतरचा आठवडाभर तिने आम्हाला भंडावून सोडलं. फूल केवढं, फूल कुठल्या रंगाचं, कापताना सुरी फुलाला लागली तर. रिकाम्या जागेवर कोण बसणार हे ठरलं होतं आणि ते एका फुलावर ठरलं होतं.

शुक्रवारी उतरताना मुलांनी विचारलं, "बसकाका, उद्या चारला ना?" आणि मामाने प्रत्येकाला आपलं नेहमीचं सांगितलं. "चारला म्हणजे चारला. तयार राहायचं हं, थांबायला लावायचं नाही."

शनिवारी शाळेला सुट्टी, त्यामुळे बस घराखालच्या गल्लीत उभी होती. मामाने सकाळी तिलाही आंघोळ घातली. मग अख्ख्या इमारतीतून आणि बाहेरूनही खुर्च्या गोळा केल्या. शेजारच्या घड्याळजींकडून चार, तळमजल्यावरच्या आजींकडून तीन, वरच्या दोन बिऱ्हाडांतून पाच आणि एक डुगडुगती, औषधाच्या दुकानाशेजारच्या शिंप्याकडून दोन. खुर्च्या त्याने कशा मांडल्या असतील? दोन-दोनच्या रांगा आणि मध्ये जायला वाट.

मामी दारात उभी राहून बघत होती. "वाढदिवस आहे की सहल?"

"अशी सवय आहे त्यांना. भांडणं होत नाहीत." मग पहिल्या रांगेतल्या खिडकीकडच्या खुर्चीवर त्याने उशी ठेवली. शेजारच्या खुर्चीवर पण ठेवली.

साडेतीनला बसमधल्या मावशी आल्या, म्हणजे मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाई. त्या मागच्याच गल्लीत राहतात. आल्या आणि सवयीने दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मावशींचा आवाज म्हणजे बिघडलेला हॉर्न, लागला की सुटत नाही. "काय हो ड्रायव्हरसाहेब, आज आम्ही प्रवासी. काय गं बटण, राणी दिसतेस. पडद्याचं कापड ना? छान पडद्याचं आहे हो."

चार वाजले. सरबत भरून ठेवलं होतं. बटण खिडकीत उभी होती.

चार दहाला मामा म्हणाला, "निळं गेट नेहमी तीन मिनिटं उशीर करतं. ते उशिरा की पुढचे सगळे उशिरा."

"ते बसमध्ये," मामी म्हणाली. "इथे काय सगळे एका माळेत ओवून येणारेत?"

चार वीसला तो खाली गेला आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. वरून मला दिसत होता: आधी बसच्या पुढे, मग मागे, मग बसच्या काचांतून पलीकडे बघायला टाचा उंच करून. एक रिक्षा आली, तो बाजूला झाला, हात केला. रिक्षा सरळ निघून गेली.

पावणेपाचला मावशी म्हणाल्या, "येतील हो. श्रीमंतांच्या घड्याळात काटे हळू फिरतात." पाचला म्हणाल्या, "आजकाल लोकांना रीत राहिली नाही." सव्वापाचला काहीच म्हणाल्या नाहीत, आणि मावशी गप्प बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

मामी म्हणाली, "घोडं कुठे पेंड खातंय ते कळायला कुणाला फोन तरी करा."

पण फोन करणार कुणाला? शाळेचा नियम आहे: ड्रायव्हरकडे पालकांचे नंबर नाहीत, पालकांकडे ड्रायव्हरचा नाही. काही असेल तर ऑफिसात सांगायचं. ऑफिस शनिवारी बंद.

साडेपाचला मामा वर आला. "केक कापू या," म्हणाला.

"नको," बटण म्हणाली. "ती फुलासाठी येणारच आहे."

सहा वाजता कापला. मामी, मावशी, मामा आणि मी, चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोन खोल्यांत त्या फार मोठ्या वाजल्या. कापायच्या आधी बटणने फूल उचललं, कंपासपेटीतलं सगळं सामान काढून ठेवलं आणि फूल आत ठेवून पेटी बंद केली. मावशींनी केक खाल्ला, दुसऱ्यांदा घेतला, आणि खाता खाता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामी म्हणाली, "सावकाश खा हो."

मग खुर्च्या परत करायच्या होत्या. मामाने दोन घेतल्या, मी दोन. घड्याळजींनी दार उघडून विचारलं, "कसा झाला कार्यक्रम? आवाज काही आला नाही."

"छान झाला," मामा म्हणाला. "शिस्तीची मुलं आहेत."

आजींकडेही तेच, "छान झाला." चार दारांत चार वेळा. चौथ्या दारात तर त्याने आपणहून सांगितलं, "जागा पुरली नाही हो." माझ्या हातात डुगडुगती खुर्ची होती.

शिंप्याच्या दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या. त्या सोमवारी जाता जाता द्यायच्या म्हणून मी सकाळी बसमध्ये चढले. बटण आपल्या जागी बसली होती, मांडीवर कंपासपेटी. शेजारच्या जागेवरची धूळ तिने हाताने पुसली.

सहा चाळीसला निळं गेट. मामाने दोनदा हॉर्न दिला. मुलगी बाहेर आली, मागे आजोबा, पायजम्यावर. मुलगी पायऱ्या चढली. बटणने पेटी उघडली.

"मी किती वेळ उभी होते," निळं गेट म्हणाली. "नवीन झगा घालून. आजोबांचे पाय दुखले. तुम्ही आलाच नाहीत." आणि ती मागे निघून गेली.

आजोबा खालून म्हणाले, "अहो बसकाका, येणार नव्हतात तर निरोप तरी द्यायचा. पोरगी साडेपाचपर्यंत गेटातून हलली नाही."

मामा म्हणाला, "मी? मी कुठे यायचं होतं?"

"म्हणजे काय? तुम्हीच म्हणालात ना, चारला तयार राहा."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. मामाने गिअर टाकला. औषधाच्या दुकानाशी दोघं भाऊ चढले, धाकटा म्हणाला, "काका, आम्ही गिफ्टपण हातात धरलं होतं." मी खुर्च्या उतरवल्याच नाहीत, तशीच बसून राहिले. कुत्रेवाल्याचा कुत्राही म्हणे शनिवारी आंघोळ करून उभा होता. दाराशी, दाराशी, दाराशी. बावीस मुलं आपापल्या दारात चार वाजता तयार होती, कारण बसकाकांच्या घरी जायचं तर बसकाकाच न्यायला येणार, दुसरं कोण? आणि बस आमच्या गल्लीत धुऊनपुसून रिकामी उभी होती, किल्ली मामाच्या खिशात.

डॉक्टरीणबाईंच्या दारात मामाच्या हातून हॉर्न वाजला. लांबलचक. बाई खिडकीत आल्या, पण मामा तिकडे बघत नव्हता. त्याने बस बंद केली, उठला आणि मुलांकडे तोंड करून उभा राहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना आरशाशिवाय बघत होता.

"अरे, तुम्ही यायचं होतं," तो म्हणाला. "आमच्या घरी. आम्ही वाट बघत होतो."

कुत्रेवाल्याने विचारलं, "पण कुठे आहे तुमचं घर?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. मामा सांगायला लागला. "दवाखान्याच्या मागची गल्ली. पिवळी इमारत. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. लक्षात ठेवा, दवाखान्याच्या मागची..." मागे कुणीतरी कुणाची टोपी ओढली, कुणीतरी हसलं. निळं गेट खिडकीतून बाहेर बघत होतं. मामा मोठ्याने सांगत होता, "पिवळी इमारत. तिसरा मजला."

बटणने पेटीतलं फूल काढलं. दोन दिवसांत ते दगड झालं होतं. तिने ते तोंडात टाकलं आणि दोन्ही हात गालांवर दाबून चावायला लागली. कटकट आवाज मला माझ्या जागेपर्यंत येत होता.

चावून झाल्यावर तिने मामाचा शर्ट ओढला.

"बाबा," ती म्हणाली, "पुरे. आता नका सांगू त्यांना."

मग तिने दप्तर पाठीवरून काढलं आणि शेजारच्या जागेवर ठेवलं.