संग्रहालयातला भीम

पोलिसांच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण नाशिकच्या त्या मुखवट्याची चौकशी आठवली की अजूनही हसू येतं.

विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयातून एक लाकडी मुखवटा गेला होता. सुरगाण्याकडे बोहाड्याच्या उत्सवात असे मुखवटे चढवून सोंगं नाचवतात. विभागप्रमुख सर तक्रार अर्ज घेऊन स्वतः ठाण्यात आले. काचेच्या कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली शिपायाकडे. "त्यालाच आत घ्या," सर म्हणाले. गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करतो, असं सांगून मी अर्ज ठेवून घेतला.

शिपाई एकलहऱ्याचा, निवृत्तीला चार महिने उरलेला. मी त्याला समोर बसवून चहा मागवला. चोरी करणारा सहसा आधी स्वतःची बाजू मांडतो. हा मात्र एकच विचारत होता, "साहेब, मुखवट्याला भेग नसेल ना गेली?"

तेवढ्यात, मी आधीच कळवून ठेवलेल्या सुरगाण्याच्या हवालदाराचा फोन आला. एका पाड्यावर म्हातारीच्या घरी जुना मुखवटा आलाय, बघायला गर्दी होतेय. म्हातारीचा विषय काढताच शिपाई घाबरला.

"आजींना धरू नका, साहेब. बचत गटाच्या सहलीत आल्या होत्या. कपाटासमोर रडायला लागल्या, माझ्या बापानं कोरलाय म्हणाल्या. मीच काढून हातात दिला. पाणी आणायला गेलो, तोवर मुखवट्यासकट त्यांची गाडी सुटलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"नोकरी गेली असती. आणि खरं सांगू? त्यांच्याकडून परत मागायचं मनच होईना."

दुसऱ्या दिवशी सरांना आणि शिपायाला घेऊन पाड्यावर गेलो. मुखवटा ओट्यावरच होता, ताज्या तांबड्या रंगात. सरांनी कपाळाला हात लावला.

"आजी, हा चोरून आणला?" मी विचारलं.

"चोरला नाय. एक साहेब बघाया घेऊन गेला, परत देतो म्हनला. किती वर्सं वाट बघायची? आन् रंग पार उडवला तुमी, तो लावला."

सर समजावू लागले, "आजी, हा राक्षसाचा मुखवटा दुर्मीळ..."

"राक्षस? अवो, भीम हाय त्यो!"

संग्रहालयातल्या पाटीवर इतकी वर्षं 'राक्षस' लिहिलेलं होतं. सर खाली बसले आणि त्यांनी वही उघडली. आजी दोन तास बोलत होत्या.

सरांनी अर्ज लेखी मागे घेतला. बोहाड्यापुरता मुखवटा पाड्यावर आणि एरवी संग्रहालयात राहील, पाटीवर आजींच्या वडिलांचं नाव येईल, असं ठरलं. शिपायाला समज मिळाली, पण तो सन्मानाने निवृत्त झाला. त्यानंतर तक्रारदाराइतकंच, ज्याच्याकडे माल सापडला त्याचंही शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय मला लागली.

यंदा बोहाड्याला मीही गेलो होतो. आजींनी हात धरून मला पुढे बसवलं आणि साऱ्या पाड्याला कौतुकाने सांगितलं, "ह्यो मला धराया आल्ता!"