नणंदबाईंचा तास

आमच्या नणंदबाईंनी आर्णीतल्या निम्म्या माणसांच्या हनुवट्या धरल्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांना येताना पाहून वेळेवर गल्ली बदलली आहे. त्या इथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवतात, पण चित्रावर त्यांचा फारसा विश्वास नाही. कागदावर माणूस मावतच नाही, त्याची मागची बाजू कुठं जाते, असा त्यांचा कागदाशी जुना वाद आहे. मूर्ती हीच खरी. त्यामुळे ओळख होताच त्या समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरतात, तोंड उजेडाकडे वळवतात आणि त्याच्याभोवती एक फेरी मारतात. एकदा यांच्या ऑफिसचे साहेब सपत्नीक चहाला आले होते. नणंदबाईंनी साहेबांचं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "डावा गाल उजव्यापेक्षा भरलेला हाय. खर्रा ह्याच बाजूनं ठेवता का?" साहेबांनी हा सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडल्याचं त्यांच्या बायकोला सांगून वर्ष झालं होतं. चहा तसाच राहिला. जाताना जिन्यात दोघांचं काय झालं ते आम्ही दार लावून ऐकलं.

बाजारात वांगं घेतलं तरी त्या ते देठाला धरून सावकाश चहूबाजूंनी फिरवतात. भाजीवाली वैतागून विचारते, "बाई, भाजी कराची हाय का ह्याचं लगन लावाचं हाय?" फोटोच्या दुकानात त्यांनी पासपोर्टचा फोटो काढून घेतला आणि वर बजावलं, "एक मागूनही काढा. मी मागूनही आहेच ना!" फोटोवाला भला माणूस, त्यानं काढला. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. आलेले पाहुणे त्यातल्या अंबाड्याकडे पाहून "या कोण?" असं विचारतात, आणि नणंदबाई तत्काळ पाठ करून उभ्या राहतात.

माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळून झाकून ठेवावी, तर उघडेपर्यंत तिला नाक आलेलं असतं. सुरुवातीला मी ते नाक मोडून पोळ्या लाटायची. पुढे पुढे मोडवेना, एवढं ते चांगलं असायचं. मग त्या दिवशी आम्ही भात खायचो.

मातीचं तर विचारूच नका. पहिल्या वर्षी त्यांनी मुलांना आपापल्या शेतातली माती आणायला सांगितली. आमच्याकडची काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण सुकली की भेगाळते. मुलांनी हौसेनं मुंडकी केली आणि आठवड्याभरात सगळा वर्ग नव्वदीचा म्हातारा झाला. मातीत कापूस पिंजून कालवला की ती धरून राहते, असं कुण्या मूर्तिकारानं नणंदबाईंना सांगितलं. भर पावसाळ्याचे दिवस, कापूस अजून बोंडातही नव्हता. ज्या भागात दिवाळीनंतर रस्त्यावरसुद्धा कापूस उडतो, तिथं या बाईंनी माझ्या घरातल्या उश्या उसवल्या. मी म्हटलं, "ताई, तुमच्या भावाची मान आखडली ना!" तर म्हणतात, "आखडू दे. हलणार नाही. वर्गात नमुना म्हणून बसवाले चांगला राहीन."

त्यांचा तास पाहायला मी मुद्दाम एकदा गेले होते. नववीतली पोरं डोळे मिटून स्वतःचेच चेहरे चाचपत होती आणि समोरच्या मातीत तसेच करत होती. "आरशात तोंड चपटं दिसते, हातानं पाहा," नणंदबाई सांगत फिरत होत्या. मागून एक पोरगा ओरडला, "मॅडम, माह्या नाकाचं टोक सापडून नाही राह्यलं!" त्या धावत त्याच्याकडे गेल्या, जणू त्याचं पाकीट हरवलं होतं. अख्खा वर्ग हसत होता, आणि हसता हसता काम करत होता. शाळेत इतकी आनंदी खोली मी दुसरी पाहिली नाही.

या हिवाळ्यात मात्र मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं की, बाई, तुम्ही उन्हाळ्यात निवृत्त होणार, हा मातीचा तास आता गणिताला द्यावा म्हणतो. नणंदबाई पुष्कळ भांडल्या. शेवटी असं ठरलं की स्नेहसंमेलनात मुलांच्या मूर्तींचं प्रदर्शन लावायचं. संस्थेचे सचिव येणार होते, त्यांना पटलं तर तास राहील, नाही तर बंद. त्या दिवशी बाजारातून येताना नणंदबाईंनी वांगी न फिरवताच पिशवीत टाकली.

प्रदर्शनाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळी मुंडकी भिंतीलगतच्या बाकांवर ओळीनं मांडली होती आणि वर पाटी लावली होती, 'हात लावू नये'. नणंदबाईंनी आल्या आल्या बाकं खोलीच्या मध्यात ओढली आणि पाटी काढून कपाटामागे टाकली. मुख्याध्यापक कासावीस झाले. "मॅडम, साहेब अजून याचे आहेत. लोकायनं हात लावले तर काय राहीन?"

"हातानं केलं, हातानंच पाहू द्या," त्या म्हणाल्या. आवाज ठाम होता, पण पदराचं टोक त्या सारखं पिळत होत्या.

पालक आले, पण हात मागे बांधून लांबूनच पाहत राहिले. तेवढ्यात कापसाची वेचणी टाकून आलेली एक बाई पुढे झाली. एका मुंडक्याभोवती ती फिरली आणि तिनं हळूच त्याच्या गालावर तळहात ठेवला. नणंदबाईंनी विचारलं, "ओळखलं का?"

"माह्याच पोराचं हाय ना," ती म्हणाली. हात तिनं काढला नाही. "सातवीपासून गालाले हात लावू देत नाही मले. मोठा झालो म्हणते."

पोरगा बाजूलाच छताकडे पाहत उभा होता, कान लालबुंद. मग कोण थांबतंय! आया, मावश्या, एक आजोबा, सगळे आपापल्या लेकरांच्या कपाळांवरून, केसांवरून हात फिरवू लागले. दोन-तीन नाकं बसली, एक कान निघून आला. दारात सचिव कधी येऊन उभे राहिले, कुणालाच कळलं नाही. मुख्याध्यापक धावले, "माफ करा साहेब, सगळं खराब झालं."

सचिव गालावरच्या त्या आईच्या हाताकडे पाहत होते. मग म्हणाले, "गणितासाठी सकाळी जादा तास घ्या. हा राहू द्या." नणंदबाईंनी भर खोलीत टाळी वाजवली आणि हर्षाच्या भरात सचिवांचीच हनुवटी धरली.

संध्याकाळी मुलं मूर्ती घरी घेऊन निघाली. ती बाई लेकाचं मुंडकं पदरात गुंडाळून, कडेवर घेऊन बसस्टँडकडे चालली होती. पोरगा लाजेनं दहा पावलं पुढे. वळणावर तो थांबला, म्हणाला, "माय, आण इकडं, जड हाय." तिनं दिलं नाही.

नणंदबाई फाटकाशी उभ्या राहून ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत पाहत होत्या. तास राहिला होता. पुढच्या वर्षी खेळाचे सर तो घेणार, असंही ठरलं होतं. एरवी हसतमुख नणंदबाईंचे डोळे भरून आले.

"हे मले आता कुठं पाह्याले भेटन?" त्या म्हणाल्या.

एवढा जीव माझा माझ्या सख्ख्या बहिणींसाठीही कधी तुटला नसेल. मी त्यांचा मातीनं माखलेला हात हातात घेतला आणि आम्ही दोघी घरी आलो.