राउटरचं चाक

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगते, न्हाईतर पोट फुटंल माझं! कपाट आवरताना एक निळी चपटी केबल सापडली, अन् जुना किस्सा आठवला.

परळीत माझ्या मामाचं सायबर कॅफे होतं, सहा कम्प्युटरचं. नेट गावात नवंनवं आलतं. मामा म्हणायचा, "पोरीला कशाला बसवायचं?" तर अण्णांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, शब्द टाकला. "एक महिना बघा. न्हाई जमलं तर मीच घरी नेतो."

आणि मी काय केलं? मामा अंबाजोगाईला गेलता, संध्याकाळी येणार. मी हुशारी करत राउटरची सेटिंग बदलायला गेले. राउटरच्या आयपी पत्त्यात एक आकडा चुकला, तसंच सेव्ह केलं. खल्लास! दुरुस्त करायला आत जायचं तर नेटवरूनच, अन् तेच मी बंद करून बसलते.

तेवढ्यात अण्णा थर्मलची, म्हंजे वीज केंद्राची, पहिली पाळी करून माझा डबा घेऊन आले. कॉलरवर राख.

"रडायलीस कावून?"

सांगितलं सगळं. त्यांना नेटमधलं काय बी कळत न्हाई. राउटरकडं बघत म्हणाले, "याचं चाक कुठंय?"

"अण्णा, ही काय बैलगाडी हाय का?"

"ऐक की. आमच्याकडं वर बटन दाबलं की खाली व्हॉल्व्ह फिरतो. बटनच मेलं तर? म्हणून हातानं फिरवायचं चाक असतंयच. बनवणारा येवढा येडा नसतो."

मी राउटर फिरवला. मागं एक वेगळंच भोक, वर 'कन्सोल' लिहिलेलं! खोक्यात ही केबल पडलेली, मी तिला फालतू समजायचे. एक टोक तिथं, दुसरं कम्प्युटरच्या मागं सिरीयल पोर्टात. काळी खिडकी उघडली, नुसती उलटीसुलटी अक्षरं. खोक्यातल्या कागदावर बघून वेग ९६०० केला, एंटर मारलं, आणि राउटर बोलला! चुकलेला आकडा नीट केला, नेट चालू. नेट नको, पत्ता नको, सरळ तार. सगळं बंद पडलं तरी आत जाता यावं म्हणूनच ठेवलेलं असतंय ते.

मामा आला. "काय दाजी, पोरीनं घोळ न्हाई ना घातला?"

"घातलता. तिनंच निस्तरला बी."

मामानं चावी माझ्यापुढं सरकवली. "उद्या मला उशीर हाय. शटर तूच उघड."

घरी जाताना अण्णा सायकलवरून एवढंच म्हणाले, "तुझ्या राउटरचं चाक बी मधूनमधून फिरवत जा. जाम होतंय."

तुमच्या बी घरी असं कुणी हाय का, मशीनमधलं काय कळत न्हाई पण बरोबर भोक दाखवणारं? झालंय का तुमचं असं?